शास्त्रीबुवांची रात्र

हैदराबादला काचीगुड्यात आमच्या मराठी मंडळाचा गणपती बसायचा. त्या दहा दिवसांत एक नाटक, भावगीतांचा कार्यक्रम, लहान मुलांच्या स्पर्धा आणि एक रात्र सिनेमाची, हे ठरलेलं. सिनेमा हिंदी नाहीतर मराठी. एका वर्षी मात्र कार्यकारिणीतल्या एका काकांनी हट्टच धरला, "ज्यांच्या गावात राहतो त्यांचाही एक सिनेमा पाहू की!" रिळं आली ती तेलुगू दिग्दर्शक के. विश्वनाथ यांच्या 'शंकराभरणम्'ची.

हा चित्रपट २ फेब्रुवारी १९८० रोजी लागला, तेव्हा सुरुवातीला थिएटरं ओस होती. हिरो नाही, मारामारी नाही. मध्यवर्ती भूमिकेतले सोमयाजुलू रंगभूमीवरचे नट, नोकरीने डेप्युटी कलेक्टर. पण पाहून आलेला माणूस दुसऱ्याला पाठवत गेला आणि हाउसफुल्लचे बोर्ड लागले.

त्यात नायक असलेल्या शास्त्रीय गवयाच्या, शंकरशास्त्रींच्या, मुलीला पाहायला पाहुणे येतात. मुलगी गायला बसते, मन भलतीकडे असतं, स्वर चुकतो. शास्त्रीबुवा सगळ्यांदेखत संतापतात आणि जमत आलेलं लग्न मोडतं. नेमकं तिथेच रीळ बदलायला दिवे लागले, आणि सतरंजीवर दोन तट पडले. "सुराशी तडजोड नाही म्हणजे नाही!" असं पुरुष मंडळी म्हणाली, बायका म्हणाल्या, "पोरीच्या संसाराचं काय?" विसर्जनापर्यंत हा वाद चालू होता. तेलुगू न समजणाऱ्या आज्यासुद्धा त्यात हिरिरीने होत्या.

आणखी एक क्षण लख्ख आठवतो. पडद्यावर बाईचा आवाज लागला आणि मंडळाच्या नाटकांना पेटीची साथ करणाऱ्या काकू ताठ बसल्या. "अगं, ही तर 'ऋणानुबंधाच्या'मधली वाणी जयराम!" कुमार गंधर्वांबरोबरचं ते गाणं आमच्या घराघरात होतं. तेव्हापासून हा सिनेमा आम्हाला आपला वाटू लागला. वाणीबाई, गायक बालसुब्रह्मण्यम आणि संगीतकार महादेवन, तिघांनाही या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

पुढे स्नेहसंमेलनात आमच्या मुली तेलुगू बाईंकडे शिकून कुचिपुडी करू लागल्या, आणि गाणी बहुतेक विश्वनाथांच्या चित्रपटांतली. नाट्यसंगीतावर वाढलेल्या माणसांना हा दिग्दर्शक कळायला वेळ लागला नाही. गाणं त्याच्याकडे गोष्ट थांबवून येत नाही, गोष्टच गाण्यातून पुढे जाते. गुंटूर जिल्ह्यातला हा माणूस मद्रासच्या वाहिनी स्टुडिओत ध्वनी विभागात कामाला लागला आणि १९६५ मध्ये दिग्दर्शक झाला. त्याचा कान तिथेच तयार झाला असावा असं मला नेहमी वाटतं. सेटवर खाकी कपडे घालायचे, कारण आपणही इथले एक कामगारच, ही त्यांची भावना.

त्यांच्या 'सागर संगमम्'मधला कमल हासन वर्तमानपत्राच्या कचेरीत एकच ओळ वेगवेगळ्या नृत्यशैलींत करून दाखवतो. दारूने खंगलेला, कळकट कपड्यांतला माणूस, पण हात उचलला की कचेरी विसरायला होतं. आमच्या संमेलनात एका कॉलेजच्या मुलाने तो प्रसंग केला होता आणि वन्स मोअर घेतला होता. मला स्वतःला मात्र १९९२ चा 'स्वाती किरणम्' जास्त मोठा वाटतो. गुरूला देवासारखा दाखवणाऱ्या दिग्दर्शकानेच इथे शिष्याच्या गुणांवर जळणारा गुरू उभा केला. मामुट्टीने तो मत्सर असा काही दाखवलाय की माणसाचा राग येतो आणि कीवही. सहसा कुणी दिग्दर्शक आपल्याच श्रद्धेची अशी परीक्षा घेत नाही.

विश्वनाथांना २०१६ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तेव्हा मंडळात पेढे वाटले. २ फेब्रुवारी २०२३ ला, 'शंकराभरणम्'च्याच तारखेला, ते गेले. दोन दिवसांनी वाणी जयरामही गेल्या. त्या वर्षीच्या संमेलनात दोघांची गाणी सलग झाली, निवेदन मराठीतून आणि तेलुगूतून.

आता सिनेमाची रात्र दरवर्षी त्यांचीच असते. यंदा कुठला, यावर अजून एकमत नाही. तरुण मंडळींना 'स्वर्णकमलम्' हवाय. माझं मत 'सिरिवेन्नेला'ला, आंधळ्या बासरीवाल्याच्या गोष्टीला. त्यातली बासरी हरिप्रसाद चौरसियांची आहे आणि मंडळाने गेल्या वर्षीच नवे स्पीकर घेतलेत.