तुम्ही विचारलंत म्हणून: हिरोशिमात आधी म्युझियम की आधी उद्यान?

हिरोशिमाला निघालेले बहुतेक जण हे विचारतात. उत्तर सोपं आहे: आधी चाला, म्युझियम शेवटी. म्युझियममधून बाहेर पडलेल्या माणसाचं पुढे कशातच लक्ष लागत नाही, गाइडचं बोलणं कानावरून जातं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आजचं शांती स्मारक उद्यान म्हणजे पूर्वीची नाकाजिमा ही गजबजलेली पेठ. दुकानं, घरं, देवळं सगळं ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्बने गेलं, त्यावर भराव पडला आणि १९५४ मध्ये उद्यान तयार झालं. हे आधी कळलं नाही तर माणूस नुसता हिरवळीवर फिरून येतो.

स्टेशनवरून २ किंवा ६ नंबरची ट्राम धरा आणि गेनबाकू डोम-माए थांब्यावर उतरा. समोरच डोम, म्हणजे बॉम्बनंतर भग्न अवस्थेत उभी राहिलेली १९१५ ची इमारत, यान लेत्झेल या चेक वास्तुकाराची. ‘बॉम्ब इथेच पडला’ असं सर्रास सांगतात, ते खोटं. बॉम्ब जमिनीवर पडलाच नाही. तो सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, आणि त्याच्या बरोबर खालची जागा डोमपासून १६० मीटरवर, मागच्या गल्लीत आहे. म्हणजे धक्का जवळजवळ डोक्यावरून आला. छप्पर आणि मजले कोसळले, उभ्या भिंती काही ठिकाणी तगल्या. त्या गल्लीत जरूर जा. शिमा हॉस्पिटलच्या बाहेर एक लहानसा फलक आहे, बाकी काही नाही. दवाखाना चालू असतो, तेव्हा दहा जणांचा घोळका दारात उभा करू नका.

मोतोयासू पूल ओलांडला की रेस्ट हाउस, म्हणजे पर्यटकांचं माहिती केंद्र. हे मूळचं १९२९ चं किमोनोचं दुकान. स्फोटाच्या वेळी तळघरात कागद आणायला उतरलेला एक कर्मचारी वाचला. ते तळघर बघता येतं. स्वच्छतागृहही इथेच उरकून घ्या.

पुढे मुलांचं स्मारक, १९५८ चं. सादाको सासाकी बॉम्बच्या वेळी दोन वर्षांची होती, १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. आजारपणात तिने कागदी क्रौंच घडवले होते, म्हणून इथे त्यांच्या माळा वाहतात. वाहायच्या असतील तर घरूनच दोऱ्यात ओवून न्या. सुटे पक्षी अडकवायला जागा नसते. शांतिघंटेवरच्या जगाच्या नकाशात देशांच्या सीमा नाहीत, आणि ओंडका आपटतो तिथे अणूचं चिन्ह कोरलंय. कुणीही वाजवावी, पण एकदाच आणि हलक्या हाताने.

घाईतल्या टूर दोन गोष्टी गाळतात, आणि नेमक्या त्याच गाळू नयेत. एक, गवताचा उंचवटा: त्याखाली ओळख न पटलेल्या सुमारे ७०,००० जणांच्या अस्थी आहेत. दुसरं, कोरियन बळींचं स्मारक. ते १९७० मध्ये उद्यानाबाहेर उभारलं आणि १९९९ मध्ये आत आलं. एवढ्या दोन सालांवरूनच गाइडला बरंच बोलता येतं.

मग बळींच्या स्मारकाची कमान. उद्यानाचे वास्तुकार केन्झो तांगे यांनी म्युझियम, कमान, शांतिज्योत आणि डोम एका रेषेत बसवले. मधोमध उभं राहून थोडं वाकलं की कमानीतून डोम दिसतो. फोटो काढा आणि बाजूला व्हा, मागे रांग असते. कमानीखालच्या दगडी पेटीतल्या बळींच्या नावांची संख्या ३ लाख ४० हजारांच्या वर गेली आहे. ‘एवढे त्या दिवशी मेले’ असं कुणी म्हणालं तर थांबवा. १९४५ अखेरपर्यंतच्या मृत्यूंचा अंदाज १ लाख ४० हजारांचा. नंतर वारलेल्या बाधितांची नावं दरवर्षी भरली जातात.

शिल्पकार राम सुतारांनी घडवलेला गांधीजींचा अर्धपुतळा २०२३ पासून मोतोयासू नदीकाठी आहे. आपली मंडळी तो हमखास विचारतात.

म्युझियमचं तिकीट मोठ्यांना २०० येन, ३० आणि ३१ डिसेंबरला बंद. चालायला दोन तास, आत दीड. लहान मुलं बरोबर असतील तर आधी एका मोठ्याने आत डोकावून ठरवावं. जळालेले शाळेचे गणवेश आणि तीनचाकी सायकल सगळ्यांना झेपत नाहीत. ६ ऑगस्टला सकाळी मात्र ही फेरी धरू नका. कमानीभोवती समारंभ असतो आणि वाटा अडवलेल्या असतात.