मावशीची दुबार पेरणी

काकांना जाऊन गेल्या महिन्यात वर्ष झालं, त्यासाठी मावशीकडे गेलो होतो. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय आणि आज लिहून टाकतोय.

मावशी शेवगावकडची, म्हणजे सगळं पावसावर, बाजरी, तूर आणि थोडी कपाशी. काकांच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, पहाटेच्या एसटीने नगरला जायचं आणि अंधार पडल्यावर परत यायचं. त्याच काळात मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या कुणीतरी तिला मोबाइलवर एका पास्टरचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. मोठं स्टेज, लाइट, साक्षी देणारी माणसं, कुणाला फ्लॅट मिळाला कुणाचा कॅन्सर गेला, आणि खाली कोपऱ्यात क्यूआर कोड. विश्वासाचं बी पेरा, शंभरपट पीक घ्या. मावशीने आधी ५,००० पेरले. दोन महिने काहीच फरक पडला नाही म्हणून तिने त्यांच्या प्रार्थनेच्या नंबरवर फोन केला, तर तिकडून सांगितलं की ताई, बी टाकताना तुमच्या मनात शंका असणार, पुन्हा पेरा. मग तिने बचत गटातून २०,००० उचलले आणि तेही पाठवले.

आमच्याकडे याला दुबार पेरणी म्हणतात आणि ती शेतकऱ्याला कशी खाते हे मावशीला कुणी सांगायची गरज नाही. पण शेतात पेरणी वाया गेली तर आपण पावसाला बोल लावतो, नाहीतर बियाणं बोगस निघालं म्हणून कृषी खात्यात तक्रार करतो. इथे पाऊस पण चांगला, बियाणं पण चांगलं, खोट फक्त मावशीच्या जमिनीत. काका गेले, माती झाली, आणि तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका बाईने तिच्या तोंडावर सांगितलं की विश्वास थोडा कमी पडला बघ. पंचवीस हजार गेल्याचं मला वाईट वाटतंच, पण हे वाक्य मी विसरू शकत नाही.

ही शिकवण आपल्या मंडळ्यांमधली जुनी नाही. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातून ओरल रॉबर्ट्स या प्रचारकांनी 'सीड फेथ' म्हणजे बीजरूपी दानाची कल्पना टीव्हीवरून घरोघर पोचवली, त्याच शहरात केनेथ हेगिन या दुसऱ्या प्रचारकांनी १९७४ मध्ये बायबल ट्रेनिंग सेंटर काढलं, आणि तोंडाने कबूल करा म्हणजे मिळेल ही भाषा तिथून जगभर गेली. आपल्याकडे ती केबलवर आली आणि आता युट्यूबवर मराठीत आहे. २०१९ मध्ये तर हीच शिकवण टीव्हीवरून देत आलेले प्रचारक बेनी हिन यांनी स्वतःच जाहीर सांगितलं की अमुक इतके डॉलर पेरा म्हणून सुवार्तेला किंमत लावणं हा देवाचा अपमान आहे. त्यांच्या मागे गेलेल्या किती घरांपर्यंत ते पोचलं असेल देव जाणे.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो बायबलच्या मलाखी पुस्तकातल्या ३:१० या वचनाचा. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा, आणि मी आकाशाच्या खिडक्या उघडून आशीर्वाद ओततो की नाही ते बघा. हे वचन प्रत्येक अर्पणाच्या आधी वाचतात, पण त्याच वचनात भांडार कशासाठी ते लिहिलंय, माझ्या घरात अन्न असावं म्हणून. अन्न! बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, १४ व्या अध्यायात, दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवायला सांगितलाय, कारण लेवी (मंदिरसेवा करणारे, वाट्याला जमीन नसलेले), उपरी, पोरका आणि विधवा यांनी येऊन पोटभर खावं. म्हणजे नियमशास्त्राप्रमाणे त्या भांडारातून माझ्या मावशीला ज्वारीचं पोतं यायला पाहिजे होतं. आणि मलाखीच्या त्याच अध्यायात पाच वचनं आधी देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणारे आणि विधवेला, पोरक्याला छळणारे यांच्याविरुद्ध मी स्वतः साक्षीला उभा राहीन. ते पाचवं वचन दहाव्याच्या जोडीने वाचलेलं मी अजून एकाही सभेत ऐकलं नाही.

मंदिराच्या दानपेटीत आपली शेवटची दोन नाणी टाकणाऱ्या विधवेच्या, तिच्या दोन टोल्यांच्या गोष्टीचं पण तसंच. आम्ही लहानपणापासून संडे स्कूलमध्ये तिचं कौतुक ऐकलं आणि ते खरंच आहे, तिने सर्वस्व टाकलं. पण मार्क १२ मध्ये तिच्या अगदी आधी येशू शास्त्र्यांबद्दल बोलतोय की हे लांब प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात, आणि तिची गोष्ट संपल्यावर लगेच, त्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही म्हणतो. मला तरी वाटतं तिथे बसून बघताना त्याचं काळीज तुटत होतं, तो देणगीचं आवाहन करत नव्हता.

आता कुणी म्हणेल की मग गरिबीच बरी का. अजिबात नाही. आमचे पणजोबा गावकुसाबाहेरचे, मिशनच्या शाळेत बसायला मिळालं म्हणून आजोबा मास्तर झाले. आपल्या लोकांना पक्कं घर हवं, पोरीला नर्सिंगला घालायचंय, यात लोभ काहीच नाही, ती फार दिवसांची भूक आहे. बायबलमधलाच अब्राहाम श्रीमंत होता, लुदिया जांभळ्या वस्त्रांचा धंदा करत होती, जक्कयाने गोरगरिबांना अर्धी मालमत्ता दिली, सगळी नाही. पण त्या भुकेलाच गळाला लावून ओढायचं, हे मला सहन होत नाही.

आणि विश्वासाने पैसा येतो हे आपल्या मराठी मंडळीला कुणी टल्साहून शिकवायला नको होतं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या, देव पुरवील म्हणून आणल्या, आणि पैसा आला तो त्या पोरींच्या पोटात गेला, विहिरी खणण्यात गेला. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' हा येशूच्या अनुयायांचा मेळा सुरू केला. ज्यांची गायनं आपण दर रविवारी गातो त्यांच्या विश्वासाचं फळ बँकेत दिसणारं नव्हतं, त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे का?

तर त्या दिवशी जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो होतो. मावशी म्हणाली, "बाळा, तू एवढं वाचतोस, खरं सांग. माझंच काही चुकलं का रे? मी मनात एकदा म्हटलं होतं, हे काही खरं दिसत नाही म्हणून."

मी आत जाऊन तिचंच बायबल आणलं आणि दुसरं तीमथ्य, चौथा अध्याय, विसावं वचन काढलं. येशूचा प्रेषित पौल लिहितो, त्याचा सोबती त्रोफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवलं. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लावले तरी माणसं बरी होत होती, तो आपल्या सोबत्याला आजारी ठेवून पुढे गेला, आणि त्रोफिमचा विश्वास कमी पडला असं एक अक्षर त्याने लिहिलं नाही.

मावशीने ते दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "एवढी वर्षं मंडळीत जाते, या माणसाचं नाव कधी कुणी घेतलंच नाही."