पत्र वाचलं, दप्तरी दाखल

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, नैऋत्येकडच्या सपाट शेतीच्या मुलखात आम्ही राहतो. मका, सोयाबीन, गहू, दुभत्या गाई आणि मधूनमधून डुकरांच्या लांबलचक शेड. ह्युरॉन सरोवर गाडीनं फार लांब नाही, म्हणून हिवाळ्यात बर्फ मात्र भरपूर. आमच्या टाउनशिपचं, म्हणजे ग्रामीण नगरपालिकेचं, कौन्सिल म्हणजे मेयर, डेप्युटी मेयर आणि तीन सदस्य, एकूण पाच माणसं. पक्ष नाही, चिन्ह नाही, पॅनलसुद्धा नाही. महिन्यातल्या दोन मंगळवारी संध्याकाळी सभा असते आणि मी बऱ्याचदा जाऊन बसते. मतदानाचा हक्क अजून नाही, कारण त्याला नागरिकत्व लागतं. पण मागच्या खुर्चीवर बसायला आणि कौन्सिलला पत्र लिहायला काहीही लागत नाही.

ज्यानं गावाकडे ग्रामपंचायतीची मासिक सभा पाहिली आहे त्याला ही विषयपत्रिका परकी वाटणार नाही. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चाला मंजुरी, आलेला पत्रव्यवहार, शेवटी ऐनवेळचे विषय. सूचक आणि अनुमोदकही तसेच. माझे काका काही वर्षं पंचायत सदस्य होते, त्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "मग तिकडं जाऊन नवीन काय बघितलंस?"

नवीन एक गोष्ट सुरुवातीलाच घडते. मेयर विचारतात, आजच्या एखाद्या विषयात कुणाचा आर्थिक हितसंबंध आहे का? पाचांतले बहुतेक शेतकरी, त्यामुळे असतोच कुणाचा तरी. एका सभेत डेप्युटी मेयरांच्या शेताजवळून जाणाऱ्या चराचा विषय होता. तो पुकारल्यावर त्यांनी कॉफीचा कप उचलला, टेबल सोडलं आणि येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. विषय संपेपर्यंत एक शब्द नाही. मग कप घेऊन परत जागेवर. यासाठी प्रांताचा स्वतंत्र कायदा आहे आणि तो मोडला तर पदही जाऊ शकतं, हे खरं. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, फक्त रोजच्या कामाचा कंटाळा होता.

मला मात्र सगळ्यात रस पत्रव्यवहारात. सभेच्या आधीच्या शुक्रवारी पूर्ण विषयपत्रिका वेबसाइटवर येते आणि आलेली पत्रं त्यात जशीच्या तशी लावलेली असतात. सारांश नाही, "अमुक यांचा अर्ज प्राप्त" अशी एका ओळीची नोंद नाही. अख्खं पत्र, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, खाली सही आणि नाव. निनावी पत्र टेबलावर येतच नाही. एखाद्या शेजाऱ्याच्या भुंकणाऱ्या कुत्र्याबद्दल तक्रार करायची असेल तर तो शेजारीही ते वाचणार, हे धरूनच लिहायचं. त्यामुळे भाषा आपोआप सुधारते.

पत्रांचा सगळ्यात जाड गठ्ठा येतो तो इतर टाउनशिपांकडून. कुठल्या तरी दूरच्या कौन्सिलनं ठराव केलेला असतो की प्रांत सरकारनं अमुक करावं. त्याची प्रत प्रीमियरला म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्र्यांना, स्थानिक आमदाराला, ओंटारिओच्या नगरपालिकांच्या संघटनेला आणि बाकीच्या सगळ्या नगरपालिका-टाउनशिपांना, पाठिंब्याच्या विनंतीसह. अशा संस्था ओंटारिओत ४४४ आहेत. एकेकानं वर्षाला दोन-तीन जरी ठराव पाठवले तरी हिशेब करा. क्लर्कबाई त्यांची यादी करतात, मेयर विचारतात, यातलं काही बाहेर काढून चर्चेला घ्यायचंय का? बहुतेक वेळा कुणी मान वर करत नाही. मग एकच ठराव: पत्रं वाचली, दप्तरी दाखल.

आधी मला हा सगळा कागदाचा खेळ वाटायचा. मग त्यामागचं कारण समजलं. कॅनडाच्या १८६७ च्या घटनेनं नगरपालिका हा विषय प्रांतांच्या हाती दिला आणि तिथंच थांबली. आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतीला घटनेत जागा मिळाली, इथं टाउनशिपला तशी काहीच नाही. प्रांतानं ठरवलं तर टाउनशिप राहील, नाही तर नाही. ओंटारिओत १९९६ साली ८१५ नगरपालिका होत्या. सरकारनं एकत्रीकरणाचा धडाका लावला आणि २००१ पर्यंत त्या ४४७ वर आल्या. २०१८ मध्ये तर टोरंटोची निवडणूक तोंडावर आलेली असताना तिथल्या कौन्सिलच्या ४७ जागा २५ करून टाकल्या, आणि २०२१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानंही ते चालतं म्हणून सांगितलं. एवढ्या मोठ्या शहराची ही गत, तर आमच्यासारख्यांचं काय! ज्याला हुकूम सोडता येत नाही तो पत्रं लिहितो.

(घटनेत जागा असूनही महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या, हेही इथं लिहून ठेवते. नाही तर कुणाला वाटायचं मी एकाच बाजूची बोलते आहे.)

कधीकधी मात्र या गठ्ठ्याला वजन येतं. बऱ्याच ग्रामीण टाउनशिपांना स्वतःचं पोलीस दल नसतं. प्रांताचे पोलीस येतात आणि बिल टाउनशिपला लागतं. २०२४ च्या शेवटी पुढच्या वर्षाची बिलं आली ती एकदम फुगलेली. त्या महिन्यांत जवळपास सारख्याच मजकुराचे ठराव एकामागून एक येत होते आणि आमच्या पाचांनीही पाठिंबा दिला, कारण बिल आम्हालाही आलंच होतं. प्रांतानं लवकरच काही सवलत जाहीर केली. ती या पत्रांमुळे की आणखी कशामुळे, हे छातीठोकपणे कोण सांगणार? दुसरं जुनं दुखणं म्हणजे घरपट्टीची आकारणी. ती अजूनही १ जानेवारी २०१६ च्या किमतींवर चालते. फेरआकारणी कोविडच्या काळात पुढे ढकलली ती ढकललीच. त्यावरचे ठराव आता इतके नेहमीचे झालेत की सदस्य पान उलटतानाही थांबत नाहीत.

मंत्रालयाची परिपत्रकं, आरोग्य खात्याचं टिपण, पाणलोट क्षेत्र सांभाळणाऱ्या प्राधिकरणाचं अंदाजपत्रक, हे सगळं भराभर पुढे जातं. जिवंत असतात ती गावातल्या लोकांची पत्रं.

उन्हाळ्यातल्या बेसबॉल स्पर्धेच्या मंडळाचं पत्र दरवर्षी येतं. त्यांना मैदानावर बिअरचा तंबू लावायचा असतो आणि दारू विकायच्या परवान्यासाठी हा कार्यक्रम नगरपालिकेच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे असं कौन्सिलनं जाहीर करावं, अशी ते विनंती करतात. त्यामुळे पाच प्रतिष्ठित माणसं गंभीर चेहऱ्यानं हात वर करून ठरवतात की ही स्पर्धा महत्त्वाची आहे. मी पाहिलेल्या सभांमध्ये तरी याला कुणी कधी विरोध केलेला नाही.

आणि मग धुळीचं पत्र. आमचे बरेच रस्ते डांबरी नाहीत, खडीचे आहेत. रस्ता सपाट करणारा ग्रेडर फिरतो, वर नवी खडी पडते आणि उन्हाळा लागला की मागून येणारा ट्रॅक्टर दिसेनासा होतो. धूळ बसावी म्हणून कॅल्शियम क्लोराइडचं पाणी मारतात. ते हवेतला ओलावा ओढून धरतं आणि रस्ता काही आठवडे दमट राहतो. पण ते महाग पडतं, म्हणून ते कुठं मारायचं आणि कुठं नाही यावर वाद. ऐंशीच्या पुढच्या एका आजींनी हातानं लिहिलेलं पत्र पाठवलं होतं. आकाशी रेघांचा कागद स्कॅन करून विषयपत्रिकेत लावलेला. त्यांनी लिहिलं होतं की आपलं घर वळणाच्या अलीकडे आहे आणि फवारणी वळणापासून सुरू होते. दोरीवर घातलेल्या चादरी दुपारी पुन्हा धुवाव्या लागतात. घरात ड्रायर आहे, पण उन्हात वाळवण्याची सवय आपण या वयात मोडणार नाही. शेवटी त्यांनी वळणापासून फाटकापर्यंतचं अंतर पावलांत मोजून दिलं होतं.

रस्ते विभागाच्या प्रमुखांनी सांगितलं की धोरणाप्रमाणे घरापासून ठरावीक अंतरापर्यंतच फवारणी होते, आणि नकाशावर या घराचा बिंदू चुकून मागच्या गोठ्यावर लागलेला आहे. एका सदस्यानं विचारलं, मग बिंदू हलवायला किती खर्च? प्रमुख हसले. काहीच नाही. ठराव झाला, क्लर्कबाईंनी आजींना कळवायचं. एवढं सगळं पाच मिनिटांत. खालीच प्रांताच्या मंत्र्यांचं पत्र होतं, ते दप्तरी दाखल झालं.

आपल्याकडे आवक क्रमांक मिळवायलाही पंचायतीच्या दारात ताटकळावं लागतं, आणि शिक्का मारलेली पोच हातात पडली की अर्ज कुठल्या कपाटात गेला ते ग्रामसेवकालाच ठाऊक. आता त्याचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं, कपाट तेच. मला इथल्या लोकांचा शिस्तप्रियपणा वगैरे सांगायचा नाही. तेही कुरकुरतात, एकमेकांची उणीदुणी काढतात. पण सभेच्या आधी अर्ज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असला की तो गिळून टाकणं अवघड होतं. गावाकडे आता घरोघरी फोन आहेत, पंचायतीत संगणक आहे. आलेला अर्ज सभेच्या चार दिवस आधी गावाला दिसेल असा ठेवायला नवा निधी लागत नाही.

पत्रांखेरीज नेहमीचं काम म्हणजे चर. हा भाग मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण बांधावरून दोन-दोन पिढ्या कोर्टात घालवणाऱ्या मुलखातून मी आले आहे. इथली जमीन चिकण आणि सपाट, त्यामुळे वसंतात पाणी शेतातच बसून राहतं. शेतकरी जमिनीखाली नळ्या घालून ते काढतात, पण काढलेलं पाणी शेवटी कुठं तरी सोडावं लागतं, आणि खालच्या अंगाला दुसऱ्याचं शेत असतं. त्यासाठी ओंटारिओत निचऱ्याचा कायदा आहे. ज्या क्षेत्राला निचरा हवा तिथल्या निम्म्याहून जास्त मालकांनी, किंवा ६० टक्के जमिनीच्या मालकांनी टाउनशिपकडे सह्यांचा अर्ज करायचा. कौन्सिल इंजिनिअर नेमतं. तो पाहणी करून अहवाल देतो आणि त्यात चर कसा खणायचा याबरोबर खर्च कुणी किती द्यायचा तेही मांडतो. ज्याच्या शेताला फायदा त्याच्यावर एक रक्कम, ज्याच्या शेतातलं पाणी चरात येतं त्याच्यावर एक रक्कम, रस्त्याचं पाणी येतं म्हणून टाउनशिपवरही एक रक्कम. शेतजमिनीवरच्या वाट्याला प्रांताकडून एक तृतीयांश अनुदान.

अहवाल ठेवला त्या सभेला खोली गच्च भरली होती. बूट दारात काढलेले, टोप्या गुडघ्यावर. कुणाला अर्जातून नाव मागे घ्यायचं आहे का, कुणाला घालायचं आहे का, असं मेयर विचारतात. नावं गळून अर्ज अपुरा पडला तर तोवरचा इंजिनिअरचा खर्च मूळ अर्जदारांच्या बोकांडी बसतो, त्यामुळे या प्रश्नानंतर सगळे एकमेकांकडे बघतात. उपविधीची, म्हणजे टाउनशिपच्या स्थानिक कायद्याची, दोन वाचनं त्याच सभेत होतात. तिसरं मुद्दाम मागे ठेवतात, कारण मध्ये हरकतींची सुनावणी असते. या वेळी कौन्सिलचेच सदस्य न्यायाधीश म्हणून बसतात. कोट नाही, वकील क्वचित.

एका गृहस्थाची हरकत होती की आपलं निम्मं पाणी उलट दिशेला, दुसऱ्या ओढ्याला जातं. इंजिनिअरनं विमानातून मोजलेला उंचीच्या रेषांचा नकाशा भिंतीवर दाखवला. गृहस्थ उठून नकाशाजवळ गेले आणि एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "इथं माझ्या आजोबांनी भर घातली होती, तुमच्या विमानाला ते काय दिसणार?" मग खोलीतले तिघं-चौघं एकदम बोलायला लागले, त्या भरावाबद्दल. गंमत अशी की एकूण खर्च बदलत नाही. एकाची रक्कम कमी केली तर ती दुसऱ्या कुणावर तरी चढवावी लागते, आणि तो दुसरा त्याच खोलीत बसलेला असतो. म्हणून हरकत घेणारा फार ताणत नाही. त्यांची थोडी रक्कम कमी झाली, ती रस्त्याच्या वाट्यात म्हणजे आम्हा सगळ्यांवर आली. समाधान झालं नाही तर वर कृषी अपिलांच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. ते गेले नाहीत.

सभेचा शेवटचा विषय कायम एकच असतो. कर्मचाऱ्यांचा किंवा कोर्टकज्ज्यांचा विषय असेल तर आधी आम्हाला बाहेर काढतात, दार लावतात, मग पुन्हा आत घेतात. त्यानंतर त्या संध्याकाळी जे जे ठरलं ते ते ठरलं, असं ठरवणारा उपविधी मांडला जातो. सूचक, अनुमोदक, तीन वाचनं एका दमात. त्या वेळेला सदस्यांचे लॅपटॉप बंद झालेले असतात आणि कुणी तरी खिशात गाडीची चावी चाचपत असतं. मंजूर.