पॅनल स्क्रोलबरोबर दिसत राहावा म्हणून कुठली स्क्रिप्ट लावू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि तुमच्याआधी वेबसाईट बनवायला शिकणाऱ्या बऱ्याच जणांनी मला हेच विचारलंय, की पान खाली सरकवलं तरी बाजूचा पॅनल, म्हणजे कार्टची बेरीज किंवा लांब लेखाची अनुक्रमणिका, समोर दिसत राहावा यासाठी कुठली स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचा कोड, लावायची. माझं उत्तर असं की पॅनल जागेवर धरून ठेवायला स्क्रिप्ट लावूच नका. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, पोझिशन स्टिकी लिहा आणि टॉपला, म्हणजे वरून सोडायच्या अंतराला, १६ पिक्सेल द्या, बाकीचं ब्राउझर बघतो. टॉप मात्र विसरू नका, तो नसेल तर पॅनल चिकटतच नाही.

स्क्रिप्टची सवय जुनी आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ६ ला पोझिशन फिक्स्डसुद्धा, म्हणजे खिडकीत एकाच जागी खिळवून ठेवणं, कळत नव्हतं, ते २००६ मध्ये आवृत्ती ७ मध्ये आलं, म्हणून तेव्हा लोक स्क्रोल इव्हेंट, म्हणजे पान सरकल्याची ब्राउझरची सूचना, पकडून दर वेळी पॅनलचा टॉप बदलायचे आणि तसला कोड अजून कॉपी होत फिरतोय. आता ब्राउझर पान सरकवतो एका थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एका स्वतंत्र रांगेत, आणि तुमची जावास्क्रिप्ट चालते दुसऱ्यावर, म्हणजे पान आधी हलतं, स्क्रिप्टला नंतर कळतं, आणि पॅनल थरथरत मागून येतो. तुमच्या चांगल्या लॅपटॉपवर हे जाणवणार नाही कदाचित, पण साईट बघणारा माणूस बऱ्याचदा स्वस्त फोनवर असतो आणि त्याला ते लगेच दिसतं. क्रोममध्ये स्टिकी जानेवारी २०१७ पासून आहे, फायरफॉक्समध्ये त्याच्याही आधी २०१४ पासून, त्यामुळे आता सबब नाही.

यावर ठरलेला पुढचा प्रश्न, "लावलं, पण चालत नाहीये". बऱ्याचदा पॅनल ज्यांच्या आत आहे त्यातल्या कुठल्यातरी डिव्हवर, म्हणजे पानातल्या चौकटीवर, ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाणारं लपवा) असतं, मोबाईलवर पान आडवं सरकू नये म्हणून कोणीतरी कधीतरी लावलेलं, आणि मग स्टिकी खिडकीला न चिकटता त्या डिव्हला चिकटतो, जो स्वतः स्क्रोलच होत नाही. तिथे हिडनऐवजी क्लिप लिहून बघा, काम होतं. दोषी डिव्ह सापडत नसेल तर कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या कोड चालवून बघायच्या खिडकीत, पॅनलपासून एकेक पॅरेंट (बाहेरची चौकट) वर चढत प्रत्येकाचा ओव्हरफ्लो छापणारा छोटा लूप लिहा, स्क्रिप्ट इथे खरंच उपयोगी पडते. दुसरं म्हणजे स्टिकी पॅनल आपल्या पॅरेंटच्या बाहेर जात नाही, खुंटीला बांधलेल्या वासरासारखा, दावं जेवढं तेवढंच फिरणार, त्यामुळे पॅरेंट पॅनलएवढाच उंच असेल तर त्याला सरकायला जागाच उरत नाही. आणि फ्लेक्स किंवा ग्रिडमध्ये, म्हणजे सीएसएसच्या शेजारीशेजारी मांडणीच्या पद्धतींत, साईडबार (हाच बाजूचा पॅनल) आपोआप ताणून शेजारच्या मजकुराएवढा उंच होतो, तेव्हाही हेच घडतं, तिथे त्या साईडबारला अलाईन सेल्फ स्टार्ट द्या. माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी या एका ओळीने मिटतील.

पॅनल चिकटला की सावली दाखवायची, बटण बदलायचं, असं असेल तेव्हा स्क्रिप्ट जरूर वापरा, पण स्क्रोल इव्हेंट नको. पॅनलच्या वर एक पिक्सेल उंचीचा रिकामा डिव्ह ठेवा आणि इंटरसेक्शन ऑब्झर्व्हरला, म्हणजे एखादी गोष्ट स्क्रीनवर दिसते का ते कळवणाऱ्या ब्राउझरच्या सोयीला, त्याच्यावर नजर ठेवायला सांगा, तो डिव्ह वरून दिसेनासा झाला म्हणजे पॅनल चिकटला.

आणि कळकळीने सांगते, चिकटवण्याआधी त्याची खरंच गरज आहे का ते बघा. फोन आडवा धरला किंवा नजर कमी असलेल्या माणसाने पान ४०० टक्के मोठं केलं की दोन ओळींची चिकटलेली पट्टी अर्धा स्क्रीन खाते आणि वाचायला पट्टीच उरते. कीबोर्डवर टॅब दाबत जाणाऱ्याचा फोकस, म्हणजे तो सध्या जिथे आहे ते बटण किंवा लिंक, तिच्या मागे लपतो, वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाईडलाईन्सच्या (साईट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीच्या) २.२ आवृत्तीत, २०२३ च्या, यासाठी वेगळा निकषच आलाय. म्हणून पानाला स्क्रोल पॅडिंग टॉप, म्हणजे सरकताना वर मोकळी सोडायची जागा, पट्टीच्या उंचीएवढं द्या, आणि स्टिकी मीडिया क्वेरीत, म्हणजे स्क्रीनच्या मापाची अट घालणाऱ्या सीएसएसमध्ये, टाका, रुंदीबरोबर उंचीचीही अट घालून, कारण उंचीची अट जवळजवळ कोणीच घालत नाही. पॅनल स्क्रीनपेक्षा लांब असेल तर त्याला मॅक्स हाईट आणि आतल्या आत स्क्रोल द्या, नाहीतर खालचं "ऑर्डर करा" बटण पान संपत येईपर्यंत दिसतच नाही.