बदामी: हात नाही, पाय बघा

"किती पुल-अप मारतेस?" क्लाइंबिंग करते म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न हाच. क्लाइंबिंग करणारेही एकमेकांना हेच विचारतात, याचा जास्त राग येतो. बदामीहून आल्यापासून मी उलटा प्रश्न टाकते, की मगाशी शेवटचा पाय कशावर ठेवला होतास? बहुतेकांना सांगता येत नाही. हाताचे होल्ड, म्हणजे पकडायच्या जागा, मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ असतात.

पुण्याहून सोलापूर, विजापूर, बागलकोट असा रात्रभराचा प्रवास, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पाठ आखडली एवढंच. सकाळी गावात शिरलो की घरांच्या डोक्यावर तो लाल कडा उभा दिसतो आणि झोप उडते. आधी लेणी बघितली, अगस्त्य तलावाला चक्कर मारली. तिसऱ्या लेण्यात चालुक्यांचा ५७८ सालचा शिलालेख आहे, म्हणजे या दगडावर माणसं चौदाशे वर्षांहून जास्त काळ काम करतायत. वालुकाश्म थरावर थर बसून झालेला, त्यामुळे कड्यावर आडव्या खाचा आणि बारीक कडा पडलेल्या असतात आणि बोटांना त्याच लागतात. आपल्या सह्याद्रीचा कातळ वेगळा. तैलबैल्याच्या कड्यावर नाहीतर वानरलिंगीच्या सुळक्यावर चढताना अर्धं लक्ष होल्ड हातात तर निघून येणार नाही ना याकडेच असतं, आधी ठोकून आवाज ऐकायचा, पोकळ वाटला तर सोडायचा, चांगला वाटला तरी खाली दाबूनच वापरायचा, बाहेर ओढायचा नाही. बदामीत दगड घट्ट, रूटवर, म्हणजे चढायच्या ठरलेल्या वाटेवर, रोप अडकवायचे बोल्ट मारलेले, त्यामुळे आपण नेमकं कसं चढतोय ते बघायला डोकं रिकामं मिळतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की टेक्निक शिकायचं असेल तर एकदा तरी बदामीला जाच.

पण मूळ सांगायचंय ते त्या दुपारचं.

आमच्या शेजारच्या रूटवर एक मोठा ग्रुप आला होता, स्पीकर लावलेला, आणि जो कोणी वर जाईल त्याला खालून सगळे मिळून ओरडतायत, "ओढ! ओढ! जोर लाव!" वर एक मुलगी होती, नवीनच असावी, हात कोपरातून पूर्ण दुमडलेले, हनुवटी होल्डला चिकटलेली, आणि पाय भिंतीवर नुसते घसरतायत, बूट घासल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. तिला पायाखालची कड दिसतच नव्हती कारण खाली बघ असं एकाही माणसाने सांगितलं नाही. शेवटी ती रोपला लटकली आणि खाली आल्यावर म्हणाली, "माझ्या हातात ताकदच नाही." मला इतकं वाईट वाटलं! ताकद होती, ती दोन मिनिटं हात दुमडून लटकली होती, ती काय कमी ताकद आहे?

आमच्याबरोबर गावातलाच एक मुलगा होता, बदामीतच वाढलेला आणि लहानपणापासून चढणारा. त्याने हे सगळं बघितलं, तिकडे गेला, आणि मोडक्या हिंदीत तिला म्हणाला, फिर से करेंगे? या वेळेस तो भिंतीला अगदी लागून उभा राहिला आणि फक्त एकच गोष्ट बोलत राहिला, "अक्का, कालु नोड्री, कालु." पाय बघा, पाय. तिने बघितलं. गुडघ्याच्या खाली काडेपेटीच्या जाडीची एक कड होती, लाल दगडात काळपट झालेली, आधीच्या लोकांच्या रबराने गुळगुळीत. तिने तळव्याचा मधला भाग टेकवला, तर याने बोटाने खूण करून दाखवलं की अंगठ्याचं टोक, फक्त टोक. कारण टोकावर उभं राहिलं तर पाय तिथल्या तिथे वळवता येतो, मधल्या भागावर उभं राहिलं की पाऊल अडकतं आणि अख्खं अंग अडकतं. पाय नीट बसेपर्यंत नजर हलवायची नाही. ठेवला की परत उचलून चाचपायचा नाही. ती उभी राहिली, म्हणजे खरोखर पायावर उभी राहिली, हात आपोआप सरळ झाले, आणि मगाशी जिथे ओढून ओढून दमली होती तो होल्ड नुसता वर पोचून धरला. स्पीकर कोणीतरी बंद केला होता तोपर्यंत. अँकरला, म्हणजे रूटच्या वरच्या टोकाला, पोचल्यावर ती वरून जोरात हसली, मला अजून ते हसू ऐकू येतं.

मग त्याने आम्हालाही तेच करायला लावलं. एक सोपा ५सी रूट (५सी, ६ए ही काठिण्याची श्रेणी), टॉप रोप, म्हणजे रोप आधीच वरून लावलेला, अट एकच, बुटाचा आवाज आला नाही पाहिजे. आवाज आला की तो पाय मागच्या होल्डवर परत, आणि पुन्हा ठेवायचा. चढून झालं की त्याच रूटने उतरायचं, रोपने लोअर नाही व्हायचं, पायांनी उतरायचं. उतरताना हाताच्या जोरावर काहीच भागत नाही, पाय बघावाच लागतो, म्हणून डाउनक्लाइंब हा पायांसाठी मला माहीत असलेला सगळ्यात चांगला व्यायाम आहे आणि आपल्याकडे कृत्रिम वॉलवर तो जवळजवळ कोणीच करत नाही.

हात सरळ ठेवण्याचं कारण साधं आहे. कोपर दुमडून लटकलं की दंड सतत काम करतो, सरळ हातावर लटकलं की वजन हाडांवर जातं. आणि गच्च पकडलं की कोपराखालच्या हाताचे स्नायू इतके आवळतात की आत रक्तच नीट फिरत नाही, तोच तो पंप, बोटं उघडायला लागतात ते त्यामुळे. म्हणून होल्ड लागेल तेवढाच धरायचा, आणि जिथे दोन्ही पाय चांगले बसलेत तिथे एकेक हात खाली सोडून झटकायचा, श्वास सोडायचा. लोक हे सगळ्यात कठीण मूव्हच्या मधोमध करायला जातात, अहो, त्याच्या आधी करा!

दुसरी गोष्ट कमरेची. समोर तोंड करून बेडकासारखं चढलं की कंबर भिंतीपासून लांब राहते आणि सगळं वजन हातावर येतं. उजव्या हाताने लांबचा होल्ड घ्यायचाय तर उजवी कंबर भिंतीकडे वळवा, उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर उभे रहा, बघा हात कितीतरी वर पोचतो. मी उंचीने कमी आहे, ज्या होल्डला सगळे "उंच लोकांचा" म्हणत होते तो मला अशाच वळणाने मिळाला. आणि उजवा हात उजवा पाय असं एकाच बाजूला टेकलेलं असलं की डावी बाजू बाहेर फिरायला लागते, तेव्हा डाव्या पायाला होल्ड शोधत बसायचं नाही, तो उजव्या पायाच्या मागून पलीकडे नुसता ताणून द्यायचा, त्याला फ्लॅग म्हणतात, फिरणं थांबतं. सह्याद्रीत आपण तीन पॉइंट टिकवून एकच हलवायचा असं शिकतो, सैल दगडावर ते बरोबरच आहे आणि मी तिथे ते सोडणार नाही. पण पुढे झुकलेल्या भिंतीवर हवेत ताणलेला पायसुद्धा काम करत असतो.

संध्याकाळी त्याने रूट वाचायला लावला. खाली उभं राहून हात हवेत हलवत, उजवा इथे, डावा तिथे, पाय कुठे, रोप बोल्टला क्लिप कुठून करायचा, विसावा कुठे. वाशीला २०१६ मध्ये बोल्डरिंगचा (रोपशिवाय, कमी उंचीच्या भिंतीवर चढण्याचा) वर्ल्ड कप झाला होता, असल्या स्पर्धांमध्ये फायनलचे सगळे खेळाडू चढायच्या आधी एकत्र उभे राहून हेच करतात, आपसात बोलतात, हवेत हात फिरवतात. जगातले सगळ्यात तगडे लोक खाली उभं राहून विचार करतात आणि आपल्याकडे हाताला चॉकची पूड लावली की लगेच भिंतीला झोंबतात!

पडण्याची भीती हा वेगळाच विषय आहे, कारण भीती वाटली की माणूस गच्च पकडतो आणि वरचं सगळं टेक्निक विसरतो. त्याला उपाय म्हणजे भरवशाचा बिलेयर, म्हणजे खालून रोप सांभाळणारा, घेऊन मुद्दाम पडणं, आधी रोप अडकवलेला शेवटचा बोल्ट छातीशी असताना, मग कमरेशी, मग पायाशी. जमिनीपासून पुरेसं वर असलं पाहिजे, रोप पायाच्या मागून गेलेला नको, नाहीतर उलटं फिरायला होतं. आमच्यातल्या एकीने हे एका सकाळी केलं आणि दुपारी जो ६ए तिला जमत नव्हता तो शांतपणे लीड केला, म्हणजे रोप स्वतः बोल्टला अडकवत वर नेला. बोटांची ताकद काही सकाळी वाढली नव्हती.

बाकीचे दिवस चढण्यात गेले. मधे बनशंकरीला जाऊन आलो, माझ्या मैत्रिणीची कुलदेवता. देवळाबाहेर बायका टोपल्यांतून ज्वारीच्या भाकऱ्या, दही, शेंगदाण्याची चटणी घेऊन बसतात, त्या जेवणापुढे हॉटेलचं जेवण अगदीच फिकं. वाढणाऱ्या आजींनी मैत्रिणीच्या सोललेल्या बोटांकडे बघून आणखी एक भाकरी टाकली आणि पैसे घेतले नाहीत. असं आदरातिथ्य पैसे मोजूनही मिळत नाही.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, आणि तेव्हाही सावलीतली भिंत निवडा, थंड दगडावर रबर जास्त धरतं. पाऊस पडून गेला असेल तर खडक पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका, ओला वालुकाश्म कमजोर होतो, होल्ड तुटला की तो रूट कायमचा बदलतो. चॉकच्या खुणा ब्रशने पुसा. स्पीकर घरी ठेवा, प्लीज. आणि गावातल्या क्लाइंबरला बरोबर घ्या, तो जे मागेल ते द्या. पुण्यात कोचिंगला हजारो रुपये भरणारी माणसं तिथे दोनशे रुपयांसाठी घासाघीस करताना मी बघितलीत, तेही ज्याने आत्ताच त्यांना अख्खा रूट पायांनी चढायला शिकवला त्याच्याशी.