शून्य पॉइंट तीन

माझ्या नोकरीबद्दल कोणी विचारलं की आई सांगते, "अमेरिकेत ते क्रिकेटसारखं काहीतरी असतं ना, त्यात हा कॉम्प्युटरवर असतो." हे वर्णन माझ्या व्हिजिटिंग कार्डापेक्षा बरं आहे. मी मेजर लीग बेसबॉलच्या एका संघाच्या ऑफिसात खेळाडूंची किंमत काढतो. पगार वेगळा आणि किंमत वेगळी. हा माणूस उरलेल्या सीझनमध्ये आपल्याला किती जास्तीच्या मॅच जिंकून देईल, त्यासाठी किती पैसे जातील, त्याच्या बदल्यात कोण मिळू शकेल, असा तो हिशेब. संघाचं नाव आणि वर्ष सांगत नाही. सही केलेल्या कागदांत तशी अट आहे. शिवाय ज्याची गोष्ट सांगतोय त्याला मी विचारलेलं नाही, म्हणून ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदललेत.

बेसबॉलचा सीझन १६२ मॅचचा. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज एक. त्यातल्या शंभरेक झाल्या की जुलै संपता संपता किंवा ऑगस्टच्या पहिल्या एकदोन दिवसांत ट्रेड डेडलाइन येते. ईस्टर्न वेळेनुसार संध्याकाळी ६ पर्यंत संघांनी आपसात खेळाडूंची काय ती देवघेव करायची, मग दार बंद. पूर्वी ऑगस्टमध्येही मागच्या दाराने सौदे व्हायचे. २०१९ पासून ते दारही बंद झालं, त्यामुळे सगळी धांदल एका दुपारवर येऊन पडलीय. आयपीएलमध्येही ट्रेड होतात, पण सीझन सुरू व्हायच्या आधी. इथे भर सीझनमध्ये होतात. २०२१ मध्ये सिएटल आणि ह्यूस्टनची सिरीज सिएटलमध्ये चालू होती. मधल्या दिवशी सिएटलने केंडल ग्रेव्हमनला ह्यूस्टनला देऊन टाकलं आणि अब्राहम टोरोला घेतलं. टोरोने आदल्या रात्री सिएटलविरुद्ध होमरन मारला होता. दुसऱ्या रात्री त्याच मैदानावर सिएटलचा शर्ट घालून त्याने ह्यूस्टनविरुद्ध मारला. ग्रेव्हमन मात्र सिएटलच्या ड्रेसिंग रूमचा लाडका होता आणि तिथली माणसं चांगलीच भडकली होती.

खेळाडूला विचारत नाहीत. कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूने १९६९ मध्ये सेंट लुईसहून फिलाडेल्फियाला जायला नकार दिला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये हरला. त्यानंतर नियम झाला, की लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात काढली असतील तरच ट्रेडला नाही म्हणता येतं. करारातच तशी अट लिहून घेतलेले मोठे खेळाडू असतात, ते वेगळे. आमच्या माणसाचं आमच्याकडे तिसरंच वर्ष होतं.

आमचा माणूस म्हणजे चौतिशीतला रिलीव्हर. क्रिकेटवाल्यांसाठी सांगायचं तर डेथ ओव्हर्सचा गोलंदाज, पण शेवटून दुसरी ओव्हर टाकणारा. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगचं नाव क्लोझरला मिळतं, आठवी हा सांभाळायचा. फास्टबॉल उतरणीला लागलेला, करार त्या वर्षअखेर संपणारा. मैदानात बुलपेन नावाचा एक कोपरा असतो, तिथे हे सातआठ रिलीव्हर तीन-तीन तास फोनची वाट बघत बसतात. त्या कोपऱ्याचा हा अनधिकृत कारभारी.

त्याच्या लॉकरमध्ये हाताने फिरवायचं कॉफी दळायचं यंत्र होतं. पितळी, दांड्याची लाकडी मूठ अर्धी झिजलेली. क्लबहाऊसच्या, म्हणजे ड्रेसिंग रूमच्या स्वयंपाकघरात हजारो डॉलरचं एस्प्रेसो मशीन आहे, तरी दुपारी दोनला हा स्टुलावर बसून घरर्र घरर्र करत कॉफी दळायचा आणि तरुण रिलीव्हर कागदी कप घेऊन भोवती जमायचे. मीही जायचो, कारण माझं खरं काम तिथेच व्हायचं. रात्रीच्या प्रतिस्पर्धी बॅटरांचे पाच तक्ते मी आयपॅडवर न्यायचो. तो पाचही बघायचा, त्यातले तीन बोटाने बाजूला सरकवायचा आणि उरलेल्या दोहोंचं एकेक वाक्य करून पोरांना सांगायचा. "याला आत टाक, पण पहिला बॉल नको." पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा. सरकवलेल्या तीन तक्त्यांपैकी एकावर मी आठवडा घालवलेला असायचा.

डेडलाइनच्या दिवशी आम्ही प्लेऑफच्या जागेपासून साडेतीन मॅच मागे होतो. ही सगळ्यात वाईट जागा. विकावं की विकत घ्यावं, दोन्हीला तोंड भरून कारणं मिळतात. वरच्या मजल्यावरच्या खोलीत तीन दिवस तीच दहा माणसं बसलेली. एका संघाने आमच्या रिलीव्हरसाठी दोन तरुण देऊ केले होते. एक २१ वर्षांचा डावखुरा पिचर, म्हणजे गोलंदाज, एक २४ वर्षांचा इन्फिल्डर. बॉसने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शून्य पॉइंट तीन."

म्हणजे असं. उरलेल्या दोन महिन्यांत हा फार तर २५ इनिंग टाकणार. त्याच्याऐवजी ट्रिपल-ए या खालच्या लीगमधून एखादा बरा पोरगा उचलून आणला तर फरक पडतो ०.३ विजयाचा. धड एक मॅचसुद्धा नाही. समोरून येणारे दोघे मात्र सहा-सहा वर्षं आपल्या ताब्यात. माझ्या तक्त्यात तो चौकोन गडद हिरवा होता.

आमच्याकडे एक म्हातारे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, आहेत. ते एवढंच म्हणाले, "मिलवॉकी." खोलीतल्या सगळ्यांना कळलं. १ ऑगस्ट २०२२ ला मिलवॉकी आपल्या डिव्हिजनमध्ये पहिल्या नंबरवर, तीन मॅचच्या आघाडीवर होती, आणि त्या दिवशी त्यांनी आपला क्लोझर जॉश हेडर सॅन डिएगोला विकला. क्लबहाऊस सुतकात गेलं. संघ ८६ विजयांवर थांबला आणि प्लेऑफ एका विजयाने हुकली. "पण हेडरने ऑगस्टमध्ये तिकडे काय दिवे लावले?" मी म्हटलं. ते खरंच होतं. त्याला इतका मार बसला की सॅन डिएगोने काही दिवस त्याच्याकडून क्लोझरचं काम काढून घेतलं होतं. कागदावर मिलवॉकीचं त्या महिन्यात काहीच बिघडलं नव्हतं. म्हातारबुवा म्हणाले, "तेच तर म्हणतोय." मला तेव्हा वाटलं, मुद्दा मी जिंकला.

बॉसने अटलांटा काढलं. २०२१ च्या जुलैत त्यांचा रोनाल्ड अकुन्या गुडघ्याने गेला, तर त्यांनी महिन्याभरात चार नवे आउटफिल्डर आणले आणि वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या चौघांतल्या एडी रोझारियोला घ्यायला फारसं काही द्यावं लागलं नव्हतं, तो तेव्हा जखमीच होता. हॉर्हे सोलेरचा सीझन तोवर रडतखडत चाललेला. एक नॅशनल लीगच्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, दुसरा वर्ल्ड सिरीजचा. "कसली केमिस्ट्री आधी होती त्यांच्यात?" बॉस म्हणाला. याला उत्तर नव्हतं, आजही नाही. जिंकलेल्या संघाची केमिस्ट्री चांगलीच असते, ती नंतर सापडते.

दोन वाजता मी नेहमीप्रमाणे आयपॅड घेऊन खाली गेलो. वैद्यकीय कागदांची देवाणघेवाण अजून बाकी होती, त्यामुळे तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. टीव्हीवर दिवसभर सौद्यांच्याच बातम्या, आवाज बंद करून ठेवलेला. प्रत्येकाचा फोन मांडीवर उलटा. त्याने मला कप दिला. तक्ते बघितले, तीन सरकवले. मग म्हणाला, "आज गप्प आहेस."

"झोप झाली नाही," मी म्हटलं.

"डेडलाइन," तो म्हणाला आणि पुढचा बॅटर उघडला.

पावणेपाचला सौदा पक्का झाला. मैदानात बॅटिंग प्रॅक्टिस चालू होती. कॅमेरेवाले या दिवशी कोण कोणाला मिठी मारतो तेवढंच टिपत असतात, म्हणून त्याला मधल्या बोळातून मॅनेजरच्या खोलीत बोलावलं. बातमी त्याच्याआधी फोनवर आली होती. बाहेर आला तो हसत. दोन मोठ्या बॅगा भरल्या गेल्या होत्या. नव्या संघाकडे हजर व्हायला ७२ तास मिळतात, पण हे लोक बहुधा त्याच रात्रीचं विमान धरतात. त्याने सगळ्यांना मिठ्या मारल्या, मलाही. मला काय म्हणाला ते लिहीत नाही. विशेष काही नव्हतं, पण तो मला चांगलं वागवत होता आणि तेच नको झालं होतं.

त्याच वेळी पलीकडच्या भिंतीपाशी दुसराच प्रकार चालू होता. एकाच्या बदल्यात संघाच्या ४० जणांच्या यादीत बसवायचे दोन आले की भरलेल्या यादीत एक जागा कमी पडते. ती जागा आमच्या राखीव इन्फिल्डरची गेली. सौद्यात त्याचं नाव कुठेच नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून बुटांच्या नाड्या सोडत होता, एक एक भोक करत, अगदी सावकाश. कोणी त्याला मिठी मारायला गेलं नाही, कारण सगळी गर्दी दुसरीकडे होती. वरच्या खोलीत त्याच्याबद्दल आम्ही दीड मिनिट बोललो असू.

सातला मॅच सुरू झाली. आठवी इनिंग एका २३ वर्षांच्या व्हेनेझुएलन पोराला द्यायचं ठरलं होतं. हात असा की माझ्या आकड्यांनुसार तो गेलेल्या माणसापेक्षा थोडा सरसच. आम्ही एका रनने पुढे होतो. त्याने पहिल्या दोघांना वॉक दिले, म्हणजे चार-चार वाइड टाकून फुकट बेस दिला, आणि तिसऱ्याने डबल, म्हणजे दोन बेसांचा फटका मारला. आम्ही दोन रननी हरलो.

रात्री साडेअकराला मी बुलपेनच्या कॅमेऱ्याचं चित्रण उघडलं. का उघडलं, सांगता येणार नाही. पोरगा सहाव्या इनिंगमध्येच उठून बॉल टाकायला लागला होता. बसला. सातव्यात परत उठला, परत बसला. आठव्यात फोन आल्यावर तिसऱ्यांदा. मी मोजले, ४१ बॉल. मैदानात पाऊल टाकण्याआधी.

मग मागच्या महिन्यातल्या मॅच लावल्या. प्रत्येक वेळी पोरगा असाच चुळबुळत उठायचा, आणि बाकावरून एक हात येऊन त्याच्या पाठीवर टेकायचा. तो हात त्याला खाली बसवायचा. आमच्या मॅनेजरला दोन आउट झाल्याशिवाय निर्णय होत नाही, हे त्या म्हाताऱ्या रिलीव्हरला ठाऊक होतं. उगाच गरम होऊन बसलेला हात पुढच्या वेळी थकलेला असतो, हेही. हे कुठल्याही तक्त्यात नव्हतं. ज्याला मी केमिस्ट्री म्हणून हसत होतो त्यातली निदान थोडी तरी ही अशी साधी माहिती होती, एकाच माणसाच्या डोक्यातली. आणि ती त्या रात्री विमानात होती.

एका रात्रीवरून काही सिद्ध होत नाही, हे इंटर्न पोरांना मीच सांगत असतो. पुढच्या आठवड्यात त्या पोराने तीन स्वच्छ इनिंग टाकल्या. बुलपेन कोचशी मी बोललो, आता उठण्या-बसण्याची नोंद होते, माझ्या मॉडेलमध्ये तो रकाना आहे. सीझन संपला तेव्हा आमची प्लेऑफ चार विजयांनी हुकली होती. त्यातले किती त्याच्यामुळे, कोण सांगणार? आलेला डावखुरा आज आमच्या पहिल्या तीन पिचरांत आहे. तोच सौदा उद्या समोर आला तर मी पुन्हा हिरवाच रंग भरीन. दुपारी दोनच्या तक्त्यांचं मात्र काही जमलं नाही. नवीन पोरं पाचही तक्ते मन लावून बघतात, मान डोलावतात, आणि मैदानात जाऊन टाकायचं तेच टाकतात.

बाबांचा फोन आला तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं. ते मुंबई इंडियन्सवाले. "म्हणजे आपल्या हार्दिकसारखं का रे?" त्यांनी विचारलं. २०२४ च्या सीझनसाठी गुजरातहून ट्रेड करून आणला, रोहितला काढून कॅप्टन केला, वानखेडेवर लोकांनी हुर्यो उडवली आणि संघ १४ पैकी ४ जिंकून तळाला. मी म्हटलं, "नाही बाबा, तिथे सगळ्यांना दिसत होतं." त्यांना हे उत्तर आवडलं नाही. त्यांच्या मते हार्दिकची चूक नव्हती, आणि त्यावर आमचं बोलणं अर्धा तास चाललं.

सौद्यानंतर आठदहा दिवसांनी मी क्लबहाऊसच्या सामानवाल्या खोलीत गेलो होतो. तिथला कर्मचारी एक खोकं बांधत होता. घाईत ते कॉफीचं यंत्र लॉकरच्या वरच्या फळीवर राहून गेलं होतं. आमच्या रिलीव्हरने निरोप पाठवला होता की कुरियर करा. यंत्र दोन टॉवेलांत गुंडाळलेलं, लाकडी मूठ तेवढी बाहेर. कर्मचारी फॉर्म भरत एका ओळीवर अडला आणि पेनचं मागचं टोक माझ्याकडे केलं.

"किंमत किती लिहू? तुम्ही वरचे लोक काढता ना."

"चाळीस डॉलर," मी म्हटलं.

त्याने चाळीस लिहिले आणि चिकटपट्टी शोधायला लागला.