अकरा पॉइंट, एकच दरी

मे महिना लागला की आमच्या वाईच्या घरातला फोन वाजायला लागतो. "वहिनी, महाबळेश्वर करायचा विचार आहे, तुमच्याकडेच उतरतो." या वर्षी डोंबिवलीच्या नणंदबाई, त्यांचे यजमान आणि दोन मुलं. मी दरवर्षी सांगते, मेमधल्या शनिवारी वर जाऊ नका. कोणी ऐकत नाही. वाईपासून जेमतेम ३२ किलोमीटर, पण पसरणीचा घाट चढून पाचगणी पार करेपर्यंत दुपार झाली. वेण्णा तलावापाशी सव्वा तास गाडी जागची हलली नाही. बाहेर घोड्यांची लीद, भाजलेली कणसं आणि कुणाच्या तरी जळत्या क्लचचा वास.

वर टॅक्सी केली. चालकाने प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड पुढे धरलं: अकरा पॉइंट, साडेतीन तास. ताईंनी लगेच हिशेब मांडला, एका पॉइंटला वीस मिनिटंसुद्धा नाहीत, त्यातली दहा गाडी लावायला.

आता खरं सांगते. एल्फिन्स्टन, सावित्री, मार्जोरी, कॅसल रॉक, आर्थर सीट, या सगळ्यांवरून आळीपाळीने त्याच दऱ्या दिसतात. आपण फक्त थोडं पुढे सरकलेलो असतो. साहेबाला जिथे जिथे दरी दिसली तिथे त्याने एकेक नाव ठेवलं आणि आपण दोनशे वर्षांनी त्या नावांवर खुणा करत फिरतोय. चौथ्या पॉइंटला भाचा गाडीतूनच उतरेना. "मामी, हे मघाशी पाहिलं ना?" विल्सन पॉइंट सगळ्यात उंच आहे, सूर्योदयाला बरा, पण ते दुपारी साडेतीनला सांगून काय उपयोग? जुलैत तर सगळं धुक्यात. तेव्हा लोक पैसे देऊन पांढऱ्या पडद्यासमोर फोटो काढतात.

एक गंमत मात्र कबूल करते. आर्थर सीटला कोकणाकडून येणारा वारा कड्यावर आपटून सरळ वर चढतो. बाटलीचं झाकण दरीत भिरकावलं तर ते वर येतं. (न आलेली कुठे जातात ते कठड्यावरून वाकलं की दिसतं.) भाच्याने निळं झाकण टाकलं, ते डोक्यावरून उडालं, त्याने उडी मारून पकडलं. दिवसभरात पोरगं तेवढंच हसलं.

सातव्या पॉइंटनंतर मी टॅक्सी क्षेत्र महाबळेश्वरला वळवायला लावली. पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं, तिथे रांग होती. मी सगळ्यांना मागच्या वाटेने कृष्णाबाईच्या देवळात नेलं. चालत पाच-सात मिनिटं, पण कार्डावर नाही, त्यामुळे माणूस नाही. काळा दगड, खांबांवर शेवाळ, छोटं गोमुख आणि खाली कुंड. पुढे कृष्णेचं खोरं उघडं पडलेलं. "हीच खाली आपल्या घाटावर येते," म्हटल्यावर ताई कुंडाच्या पायरीवर बसल्या, चपला काढल्या, पाऊण तास उठल्याच नाहीत. उरलेले चार पॉइंट राहिले. टॅक्सीचे पैसे पूर्ण अकराचेच द्यावे लागले, त्यावरून भावजी अजून धुसफुसताहेत.

प्रतापगडाला मी यात धरत नाही, तो वेगळा दिवस काढून बघायचा.

दुसऱ्या दिवशी वर कुठेच नेलं नाही. सकाळी वाईजवळच्या मेणवलीला गेलो, नाना फडणविसांच्या वाड्यामागे घाट आहे. तिथे छोट्या देवळात वसईहून आणलेली पोर्तुगीजांची घंटा टांगलीय. मुलं पाण्यात पाय सोडून बसली, आम्ही घरून नेलेले पोहे खाल्ले. खर्च शून्य.

ताईंनी स्टेटसला फोटो टाकले ते अर्थात आर्थर सीटचे. ते लोक गेल्यावर मागे राहिलेले कपडे धुवायला घेतले, तर भाच्याच्या चड्डीच्या खिशात ते निळं झाकण निघालं.